मिरची आंबते तेव्हा बरणीत नक्की काय चालतं, आणि सॉस सेफ आहे हे ठरवायचं कशावरून?

दादर-पार्ल्याच्या साध्या दुकानांतसुद्धा आता गोचुजांगचे, म्हणजे आंबवलेल्या मिरचीच्या कोरियन पेस्टचे, लाल डबे दिसायला लागलेत, मुलं कोरियन सिरीज बघून तोकबोक्की (त्याच पेस्टमधले तांदळाचे तुकडे) मागतात, आणि इन्स्टावर घरगुती 'फर्मेंटेड हॉट सॉस' विकणारी मंडळी मुंबईत बरीच वाढलीयेत. त्याबरोबर ग्रुपवर तेच तेच प्रश्न येत राहतात, की बाटली उघडली तर सोड्यासारखी फसफसली, आता फेकू का? बरणीत वर पांढरी साय आलीये ती बुरशी आहे का? गोचुजांगच्या लेबलवर अल्कोहोल लिहिलंय, मुलांना देऊ का? आणि खाली उत्तरं येतात ती दोन टोकांची. एक जण म्हणतो मिरचीत जंतू टिकतच नाहीत, बिनधास्त खा. दुसरा म्हणतो आंबवलेलं बाहेरचं काहीच खाऊ नका.

मी फूड टेस्टिंगमध्ये काम करते, आणि ही दोन्ही उत्तरं मला सारखीच त्रास देतात, कारण पहिल्याने माणूस आजारी पडू शकतो आणि दुसऱ्याने एक चांगला, जुना, कष्टाचा पदार्थ उगाच बदनाम होतो. आंबवलेली मिरची सेफ असते का याचं उत्तर मिरचीत नसतं, ब्रँडमध्ये नसतं आणि 'घरगुती' या शब्दात तर अजिबात नसतं. आम्ल किती लवकर तयार झालं आणि नंतर ते टिकलं का, यात ते असतं. आणि ते मोजता येतं.

सुरुवातीला मिरचीवर कोण असतं?

बाजारातून आणलेली ताजी मिरची कितीही धुतली तरी तिच्यावर सूक्ष्मजीव असतातच. मातीतले बॅसिलस जातीचे बॅक्टेरिया, पानांवर नेहमी सापडणारे स्यूडोमोनास, कोलाय कुटुंबातले काही, यीस्ट, बुरशीचे कण, आणि या सगळ्यांत अगदी थोडे लॅक्टिक ॲसिड बॅक्टेरिया. हे शेवटचे म्हणजे साखर खाऊन लॅक्टिक ॲसिड तयार करणारे जीव, दही लावताना आणि इडलीचं पीठ फुगताना कामाला येतात त्याच मोठ्या कुटुंबातले. पुढे मी त्यांना नुसतं लॅक्टिकवाले म्हणते.

मग सुरुवातीला इतके थोडे असून शेवटी तेच कसे जिंकतात? विरार लोकलमध्ये जो आधी चढून सीट धरतो तो शेवटपर्यंत बसतो, मागून कितीही माणसं आली तरी ती उभीच, तसंच हे आहे, फक्त इथे लॅक्टिकवाल्यांना आधी चढायला आपण मदत करतो. ही मदत दोन गोष्टींची. एक मीठ, जे बऱ्याच नको असलेल्या बॅक्टेरियांना जड जातं पण लॅक्टिकवाल्यांना चालतं, आणि दुसरी म्हणजे हवा बंद करणं, कारण बुरशीला हवा लागते आणि यांना नाही लागली तरी चालतं. या दोन गोष्टी नीट झाल्या की आधी लुकोनोस्टॉक आणि वाइसेला नावाचे जीव जोर धरतात, ॲसिड आणि बरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतात (म्हणून पहिले काही दिवस बुडबुडे), मग आंबटपणा वाढला की त्यांनाच तो सोसत नाही आणि लॅक्टोबॅसिलस प्लांटारम ताबा घेतो. २०२० मध्ये या जातीचं शास्त्रीय नाव बदलून लॅक्टिप्लांटिबॅसिलस झालं, तेव्हा बाटलीवर असं लांबलचक काही दिसलं तर ते कुठलं नवीन केमिकल नाही, जुनाच गडी आहे.

पीएच, आणि ४.६ ची लक्ष्मणरेषा

पीएच म्हणजे आंबटपणा मोजायची पट्टी, ० ते १४ अशी. ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली, त्याच्या खाली जाईल तसं आम्ल वाढतं. यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की एक आकडा खाली जाणं म्हणजे आम्ल दहापट होणं, त्यामुळे ४.४ आणि ३.४ यात किरकोळ फरक नाहीये. ताजी मिरची साधारण ५ ते ६ च्या मध्ये असते, लिंबाचा रस २ ते २.५ च्या आसपास.

४.६ हा आकडा इतका महत्त्वाचा का, तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक बॅक्टेरिया आहे. त्याचे बीजाणू, म्हणजे कवच घालून झोपलेले जीव, मातीत सगळीकडे असतात, त्यामुळे मिरचीवर, लसणावर, आल्यावर असू शकतात. ते साध्या उकळण्याने मरत नाहीत, त्यांना प्रेशरखाली १२१ डिग्री लागतं. हवा नसलेल्या, आंबटपणा कमी असलेल्या, ओल्या जागी ते जागे होतात आणि जे विष बनवतात त्याने माणसाचे स्नायू लुळे पडतात, श्वासाचे सुद्धा. त्याला वास नसतो, चव नसते, बाटलीकडे बघून काही कळत नाही. पण पीएच ४.६ च्या खाली गेला की हे बीजाणू उठतच नाहीत. म्हणून जगभर आम्लाच्या जोरावर टिकणाऱ्या पदार्थांसाठी ही रेघ धरतात. चांगला सॉस बनवणारे रेघेवर थांबत नाहीत, ४ च्या खाली जातात, कारण मीटर थोडा इकडेतिकडे दाखवतो आणि बरणीत सगळीकडे सारखा आंबटपणा नसतो.

म्हणजे सगळा खेळ त्या पहिल्या काही दिवसांचा आहे, पीएच ताज्या मिरचीच्या साडेपाचवरून ४.६ च्या खाली किती पटकन उतरतो त्याचा. तिथे उशीर झाला, मीठ कमी पडलं, मिरच्या पाण्यावर तरंगत राहिल्या, तर सीट दुसराच कोणीतरी धरतो.

'मिरची इतकी तिखट, जंतू जगतीलच कसे?'

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो चुकीचा का आहे हे दाखवणारं उदाहरण मोठं आहे. २००८ मध्ये अमेरिकेत साल्मोनेलाची साथ आली, १,४०० हून जास्त लोक आजारी पडले, सुरुवातीला संशय टोमॅटोवर गेला पण तपास शेवटी पोचला तो हालापेन्यो आणि सेरानो या ताज्या मिरच्यांपर्यंत. तिखट मिरचीच ती, पण साल्मोनेला तिच्यावर छान प्रवास करून आला. तिखटपणा देणारं कॅप्सायसिन लॅबमध्ये काही बॅक्टेरियांना थोडं आवरतं हे खरंय, पण त्याच्या भरवशावर कुठलाही पदार्थ सुरक्षित धरता येत नाही. आंबवल्यावर तिखटपणा फारसा जातही नाही, त्यामुळे जिभेला झणझणीत लागलं म्हणजे आत सगळं ठीक आहे असं काही नाही.

आम्लाबद्दलसुद्धा एक बारीक गोष्ट सांगते. कमी पीएचमध्ये साल्मोनेला किंवा घातक ई-कोलाय वाढत नाहीत, पण लगेच मरत पण नाहीत, त्यांना मरायला वेळ लागतो. म्हणून दोन दिवसांत 'मस्त आंबट झालंय' म्हणून खायला घेणं बरोबर नाही, पीएच खाली गेल्यावरही बरणीला काही दिवस द्यायचे.

मिठाचं गणित चमच्याने करू नका

घरी करणाऱ्यांचं जिथे बिनसतं ती जागा ही. मीठ वजनाने मोजायचं, आणि वजन मिरची आणि पाणी दोघांचं मिळून धरायचं. म्हणजे समजा अर्धा किलो मिरची आहे आणि त्यात ७०० मिली पाणी घालून ती बुडवायचीये, तर एकूण १,२०० ग्रॅम, त्याचे ३ टक्के म्हणजे ३६ ग्रॅम मीठ. बरेच जण फक्त मिरचीच्या वजनावर १५ ग्रॅम घालतात, मग पाणी ओततात, आणि प्रत्यक्षात सव्वा टक्काच मीठ राहतं. वाटून लगदा केला आणि पाणी घातलंच नाही तर किलोला ३० ग्रॅम पुरतं.

मुंबईत हे आणखी महत्त्वाचं, कारण परदेशी रेसिप्या १८ ते २२ डिग्रीचं किचन गृहीत धरतात आणि आपल्याकडे गॅसशेजारच्या ओट्यावर बहुतेक वर्षभर २८-३० च्या आसपास किंवा पुढेच असतं. गरमीत सगळंच भराभर होतं, चांगलंही आणि वाईटही. त्यांच्याकडे तीन आठवडे लागतात तिथे आपल्याकडे आठवडाभरातच आंबटपणा बऱ्यापैकी आलेला असतो, पण लुकोनोस्टॉकला थोडी थंड हवा आवडते, त्याचा काळ आखडतो, त्यामुळे चव जरा एकसुरी आंबट होते. मी म्हणेन आपल्याकडे ३ ते साडेतीन टक्के मीठ धरा आणि बरणी घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, उन्हापासून लांब ठेवा.

आयोडीनच्या मिठाने बॅक्टेरिया मरतात असं खूप ठिकाणी वाचायला मिळतं. आपल्याकडच्या मिठात आयोडीन असतं किलोला साधारण १५ ते ३० मिलिग्रॅम, त्यातलं ३ टक्के मीठ म्हणजे बरणीत किती उरलं विचार करा, तेवढ्याने लॅक्टिकवाल्यांना काही फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट जी फक्त मिरचीच्याच बाबतीत आहे. मिरची आतून पोकळ असते. अख्खी मिरची मिठाच्या पाण्यात टाकली की ती तरंगते, आत हवा राहते, पाणी शिरत नाही, आणि मग बाहेरून सालीवर सगळं छान आंबलेलं पण फोडून बघितलं तर आत बियांच्या गुच्छावर करडी बुरशी. लोणच्याला मिरची चिरून किंवा निदान चीर देऊन घालतात त्यामागे हेच कारण आहे. मग वरून वजन ठेवायचं, एखादी काचेची वाटी पण चालेल, जेणेकरून एकही तुकडा पाण्याच्या वर येणार नाही.

वरची पांढरी साय: बुरशी की यीस्ट?

पाण्यावर सपाट, पातळ, सुरकुतलेली, पांढरट पापुद्र्यासारखी साय असेल, हलवली तर तुटून तुकडे होत असतील, तर ते बहुधा यीस्ट. केसाळ, कापसासारखं, ठिपक्या-ठिपक्यांनी वाढणारं, हिरवं काळं निळं गुलाबी असेल तर बुरशी, आणि मऊ ओल्या पदार्थात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात, तेव्हा वरचं काढून खालचं वापरायचा मोह सोडा, सगळं टाका.

यीस्टच्या बाबतीत नेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की निरुपद्रवी आहे, काढा आणि पुढे चला. अर्धंच खरं आहे हे. हे यीस्ट स्वतः विषारी नसतं, पण हवेच्या मदतीने ते लॅक्टिक ॲसिड खातं. म्हणजे ज्या आम्लाच्या जिवावर आख्खी बरणी टिकून आहे तेच हळूहळू संपवतं, पीएच परत वर सरकायला लागतो, आणि साय जाड होऊन आठवडे पडून राहिली तर खाली दुसऱ्यांसाठी दार उघडतं. सुरुवातीला मी म्हटलं ना, आम्ल आलं एवढं पुरेसं नाही, ते टिकायला हवं, ते यासाठी. साय दिसली की काढायची, हवा कुठून लागतेय ते बघायचं, आणि पीएच पुन्हा मोजायचा. वाढलेला दिसला तर ठेवू नका.

पीएच मोजायचा कसा

लिटमससारख्या कागदी पट्ट्या इथे जवळजवळ बिनकामाच्या आहेत, कारण लाल मिरचीचा रंगच त्या कागदावर चढतो आणि मग तुम्ही पट्टीचा रंग वाचताय की मिरचीचा हे कळत नाही. छोटा डिजिटल मीटर घ्या. तो वापरायच्या आधी पीएच ४ आणि पीएच ७ च्या ठरावीक द्रावणात जुळवून घ्यावा लागतो, याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि हे न करता घेतलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. नुसतं वरचं पाणी मोजू नका, तुकडे आणि पाणी एकत्र वाटून मोजा, कारण पाणी आधी आंबट होतं आणि मिरचीचा गर मागून येतो. सॉसमध्ये वर तेल तरंगत असेल तर ते बाजूला करून मोजा, तेल मीटरच्या काचेला चिकटलं की तो भलतंच दाखवतो.

फसफसणारी बाटली

आता तो सोड्याचा प्रश्न. बाटली उघडल्यावर थोडा गॅस येणं म्हणजे आत कोणीतरी अजून जिवंत आहे आणि त्याला खायला साखर शिल्लक आहे. मुंबईत घरगुती सॉसमध्ये हे फार होतं, याचं मुख्य कारण म्हणजे आंबवून झाल्यावर चवीसाठी आंबा, अननस, गूळ, मध घालतात. मिरचीतली साखर संपून सगळं शांत झालेलं असतं, वरून तुम्ही ताजी साखर दिली की यीस्ट नव्याने कामाला लागतं, बाटली घट्ट बंद, मग कुरिअरने मे महिन्याच्या उन्हात भर दुपारी डोंबिवलीहून कुलाब्याला. बाटली फुटूही शकते, हा नुसता चवीचा विषय नाही, काच आहे ती.

यावर उपाय थोडेच आहेत. फळ घालायचं तर सुरुवातीलाच घालून सगळं एकत्र आंबू द्यायचं आणि साखर संपेपर्यंत थांबायचं, नाहीतर शेवटी ७५-८० डिग्रीच्या पुढे तापवून गरम असतानाच निर्जंतुक बाटलीत भरायचं, नाहीतर जिवंत ठेवून फ्रिजमध्येच विकायचं आणि लेबलवर तसं स्पष्ट लिहायचं. 'जिवंत' सॉस रूम टेम्परेचरला गोड करून विकणं यातलं कुठलंच नाही.

आंबवून झाल्यावर ताजा लसूण किंवा कांदा वाटून घालणं हाही तसाच प्रकार आहे. चव भारी येते, मान्य, पण त्याने पीएच वर जातो आणि मातीतले बीजाणू नव्याने आत येतात. असं काही घातलं की पुन्हा मोजायचं, आणि गरज असेल तर व्हिनेगर घालून खाली आणायचं.

'आजी तर वर्षानुवर्षं करायची, तिच्याकडे कुठे मीटर होता?'

नव्हता, आणि तरीही तिचं बरोबर होतं, कारण तिच्या पद्धतीतच एकाच्या मागे एक अडथळे लावलेले होते. मिरचीच्या लोणच्यात मीठ सढळ, लिंबाचा रस, मोहरीची पूड, हळद, वर फोडणीचं तेल, बरणी उन्हात खडखडीत वाळवलेली, चमचा कोरडा. एखादा अडथळा कमी पडला तरी बाकीचे सांभाळून घ्यायचे. ताकात किंवा दह्यात मीठ घालून मुरवलेली आणि मग कडक उन्हात वाळवलेली मिरची, जी आपण तळून दहीभाताबरोबर खातो, तीसुद्धा आंबवलेली मिरचीच आहे. लॅक्टिकवाले तिथे ताकातून आयतेच येतात आणि शेवटी वाळवल्यामुळे पाणीच राहत नाही, की विषय संपला.

अडचण होते ती आपण तिची रेसिपी घेऊन त्यातले अडथळे काढायला लागतो तेव्हा. बीपीसाठी मीठ अर्धं, लिंबू नको, मोहरी कडू लागते, आणि मग ते महिनाभर बाहेर ठेवायचं. ठेच्याचं बघा, खरा ठेचा केला की दोन-चार दिवसांत संपायचा. आता तोच लसणाचा ठेचा तेलात बुडवून बाटलीत भरून 'शेल्फ लाइफ ३ महिने' म्हणून विकला जातो. तेल हवा अडवतं, आणि तेलाखाली आंबटपणा नसलेला ओला लसूण म्हणजे बोट्युलिनमला हवी तशी जागा. हे फक्त पुस्तकातलं नाही, १९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला होता. तो लसूण फ्रिजबाहेर ठेवलेला होता. ज्यांना ठेचा विकायचाय त्यांनी कृपा करून एकतर आम्ल घालून पीएच मोजा, नाहीतर तो फ्रिजमधलाच पदार्थ म्हणून विका.

गोचुजांग आणि दोबानजांगचा हिशोब वेगळा

इथे एक गोंधळ होतो. वर सगळं पीएचबद्दल वाचून कोणी गोचुजांग मोजायला गेलं तर तो साडेचार-पाचच्या आसपासही निघू शकतो, आणि माणूस घाबरतो. पण तिथे मुख्य राखण आम्लाची नाहीच. गोचुजांग बनतो तो मिरचीपूड, चिकट तांदूळ, मेजूची (आंबवलेल्या सोयाबीनच्या ढेपेची) पूड आणि मीठ यापासून, त्यामुळे तो दाट, गोड आणि खारट. त्यात पाणी असतं पण ते मीठ-साखरेने बांधून ठेवलेलं, जीवांना वापरता येत नाही असं. या वापरता येणाऱ्या पाण्याच्या मापाला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात, ० ते १ मध्ये, शुद्ध पाणी १. ०.८५ च्या खाली आजार पसरवणारे बॅक्टेरिया वाढत नाहीत. जॅम, मध टिकतात ते याच्यामुळे.

तिथे काम करणारे जीवही वेगळे. मेजूवर बॅसिलस सबटिलिससारखे बॅक्टेरिया आणि ॲस्परजिलसची उपयोगी बुरशी प्रथिनं आणि स्टार्च फोडतात, त्यातून ती खोल चव येते, आणि पुढे मीठ-साखर सोसणारं झायगोसॅकरोमायसिस नावाचं यीस्ट वास भरतं. हेच यीस्ट डब्यात चालू राहिलं की पॅक फुगतो, आणि म्हणून कंपन्या तयार गोचुजांग तापवतात आणि वरून थोडं अल्कोहोल घालतात. लेबलवर दिसतं ते हे. प्रमाण कमी असतं, काम टिकवण्याचं, पण धर्मामुळे किंवा तत्त्वाने ज्यांना अजिबात चालत नाही त्यांनी लेबल वाचून अल्कोहोल नसलेला घ्यावा, तसेही मिळतात. गोचुजांगसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानक संस्थेने २००९ मध्ये मानकसुद्धा ठरवलंय, म्हणजे काय असेल तर त्याला गोचुजांग म्हणायचं हे कागदावर आहे.

चीनच्या सिचुआनमधला पीशियान दोबानजांग, म्हणजे मिरची आणि बीनची आंबवलेली पेस्ट, तर बघण्यासारखा. चेंगडूजवळ, मोठ्या रांजणांत, मिरची वेगळी खारवतात, फावा बीन वेगळी बुरशी लावून आंबवतात, मग एकत्र करून महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं ठेवतात, दिवसा झाकण काढून ऊन दाखवायचं, ढवळायचं, पाऊस आला की झाकायचं. २००८ मध्ये चीनने ही पद्धत राष्ट्रीय अमूर्त वारशात घेतली. अमेरिकेत लुइझियानामधल्या एव्हरी आयलंडवर १८६८ पासून बनणारा टबॅस्को पुन्हा तिसऱ्या वाटेने जातो, मिरचीचा मीठ घातलेला लगदा ओकच्या पिंपात, झाकणावर मिठाचा जाड थर, तीन वर्षांपर्यंत, आणि शेवटी भरपूर व्हिनेगर. तीन वेगळ्या वाटा, पण प्रत्येकीत राखण कोण करतंय हे बनवणाऱ्याला नेमकं माहीत आहे. क्वालिटी कंट्रोल म्हणजे मुळात हेच, आपल्या पदार्थाची राखण कशावर आहे ते ओळखायचं आणि तेच दर बॅचला मोजायचं.

आंबवण्याने जात नाही ते

काही गोष्टी बरणीत शिरल्या की मग आंबवा, उकळा, काही करा, जात नाहीत. पहिली म्हणजे अफ्लाटॉक्सिन, ॲस्परजिलस फ्लेवस नावाच्या बुरशीचं विष, लिव्हरला वाईट. ही बुरशी नीट न वाळलेल्या सुक्या मिरचीवर येते. लालबागला मसाल्यासाठी बेडगी, संकेश्वरी घेताना आपण देठ मोडून, वास घेऊन, मिरची कुडकुडीत वाजते का बघतो ना, ते अगदी योग्य आहे, सॉससाठी घेतानाही तेच करा. ओलसर, काळे डाग पडलेली, फोडल्यावर आत करडी धूळ उडणारी स्वस्तात मिळाली तरी नको. आपल्याकडे मसाल्यांसाठी अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला ३० मायक्रोग्रॅम आहे, युरोपात मिरचीसाठी १०, म्हणून निर्यातीची खेप तिकडे अडकते.

दुसरी म्हणजे बायोजेनिक अमाइन्स, त्यातलं ओळखीचं नाव हिस्टामिन. काही बॅक्टेरिया प्रथिनांच्या तुकड्यांपासून हे बनवतात, त्याने डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, धडधड असं होऊ शकतं. नुसत्या मिरचीत प्रथिनं कमी म्हणून धोका कमी, सोया, बीन किंवा मासे घातलेल्या पेस्टमध्ये जास्त. आणि हे मुंबईत मुद्दाम सांगायला हवं, कारण इथे बऱ्याच जणांच्या ओळखीत कोणीतरी टीबीचा कोर्स केलेला असतो: आयसोनियाझिड हे टीबीचं औषध शरीराची हिस्टामिन आणि टायरामिन (हेही असंच एक अमाइन) निकामी करायची ताकद कमी करतं. ते चालू असेल तर असे खूप मुरलेले पदार्थ खाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

'मग हे प्रोबायोटिक म्हणून तरी चांगलं ना?'

प्रोबायोटिक म्हणायला ठरावीक जात, ठरावीक संख्येत जिवंत, आणि तिचा फायदा तपासून सिद्ध झालेला असं तिन्ही लागतं. तापवलेल्या सॉसमध्ये लॅक्टिकवाले जिवंत उरत नाहीत. न तापवलेल्यात आहेत, पण कुठले, किती, हे मोजल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही, आणि आपण खातो चमचाभर. चवीसाठी खा, ते पुरेसं कारण आहे.

विकत घेताना काय विचारायचं

बाटलीवर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर असायलाच हवा, पण तो विक्रेत्याचा नोंदणी किंवा लायसन्स नंबर आहे, तुमच्या हातातल्या बॅचची टेस्ट झाली असं त्यातून कळत नाही. म्हणून सरळ मेसेज करा: या बॅचचा पीएच किती आला, कधी मोजला? तापवलाय की जिवंत आहे? बाहेर ठेवायचा की फ्रिजमध्ये? जो नीट काम करतो त्याच्याकडे वही असते, बॅचची तारीख, मिरचीचं वजन, मिठाचं वजन, पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवसाचा पीएच, भरतानाचा पीएच, आणि तो लगेच फोटो पाठवतो, खरं तर विचारल्याचा त्याला आनंदच होतो. उत्तराऐवजी 'नॅचरल आहे ताई, काही होत नाही' आलं तर मी घेत नाही.

विकणाऱ्यांसाठी, दर बॅचला पीएच आणि मीठ घरच्या घरी होतं. अधूनमधून एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबमध्ये साल्मोनेला, ई-कोलाय, स्टॅफ ऑरियस, यीस्ट-बुरशी, आणि सोया किंवा तांदूळ वापरत असाल तर बॅसिलस सेरियस करून घ्या, सुकी मिरची असेल तर अफ्लाटॉक्सिनसुद्धा. रेसिपी बदललीत, आंब्याच्या जागी पेरू आला, तर तो नवीन पदार्थ समजा आणि पहिल्यापासून मोजा.

घरी आणल्यावर पावसाळ्यात विशेष सांभाळा. जून ते सप्टेंबर हवेतच इतका ओलावा असतो की झाकणाच्या आट्यांमध्ये सुकलेल्या सॉसवर आधी बुरशी धरते आणि तिथून आत उतरते, तेव्हा तोंड पुसून मगच झाकण लावा, चमचा कोरडा घ्या, आणि एकदा उघडलेली कुठलीही बाटली फ्रिजमध्ये ठेवा. गोचुजांगचा डबा उघडून काही आठवडे झाले की वरचा थर गडद, कधी कधी जवळजवळ काळपट तपकिरी होतो, तो हवेमुळे रंग बदलल्याने. वास नेहमीचा असेल, केसाळ काही नसेल, तर ते खराब नाही. त्याच्यावर एक प्लास्टिकचा तुकडा घट्ट दाबून लावला की हवा कमी लागते आणि पुढचा थर लाल राहतो.